नव्वद टक्के मिळाले, पण हाताला काही येत नाही

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका गावात राहते आणि तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. रसायनशास्त्र करते. एफवायचं दुसरं सत्र मार्च २०२० मध्ये कोविडमुळे अर्ध्यावर थांबलं, एसवाय पूर्ण घरून झालं आणि आता, ऑगस्ट २०२१ मध्ये, टीवायसुद्धा मोबाइलवरच सुरू होतंय. घरात स्मार्टफोन एकच आहे, त्यावर धाकट्या भावाची दहावीही चालते. वडील म्हणतात, ‘कॉलेज बंद आहे ना, मग कामाला लाग.’ एसवायला बहुपर्यायी ऑनलाइन परीक्षेत नव्वद टक्के मिळाले, पण ते खोटे वाटतात. ब्युरेट (द्रावण थेंब थेंब सोडायची मापाची काचनळी) शेवटची हातात धरली ती एफवायला. वर्गातल्या निम्म्या मुलांना ऑनलाइनच बरं वाटतं, ‘घरबसल्या पास’ म्हणून ती खूश आहेत. तिचे प्रश्न दोन: मलाच का जमत नाही? आणि एक वर्ष ड्रॉप घेऊन, कॉलेज उघडल्यावर टीवाय करू का?

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘ऑनलाइन मला जमत नाही’ असं तू लिहिलंस, पण त्या एका वाक्यात चार निरनिराळी दुखणी एकत्र बांधली गेली आहेत: मार्कांवर विश्वास नाही, नेट आणि फोन पुरत नाही, प्रॅक्टिकल झालेलं नाही आणि घरात अभ्यासाला जागा नाही. यातल्या एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. ड्रॉप घेणं हे तर चारांपैकी जेमतेम एकाचं औषध आहे, आणि तेही कॉलेज कधी उघडेल यावर अवलंबून. म्हणून एकेक सोडवून बघू.

आधी मार्क. ते खोटे नाहीत. फक्त ते काय मोजतात ते नीट समजून घे. चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखणं आणि कोऱ्या कागदावर ते स्वतः उभं करणं ही दोन वेगळी कामं आहेत. २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अंतिम वर्षाच्या मुलांना परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. मग मुंबई, पुणे या विद्यापीठांनी ऑक्टोबरात बहुपर्यायी प्रश्नांवर परीक्षा घेतल्या, कारण त्या फोनवर देता येतात आणि मशीन तपासतं. वेळ निभावून नेण्यासाठी निवडलेली ती पद्धत होती. पुढे तुमच्याही वाट्याला तीच आली. तुझ्या नव्वद टक्क्यांचा अर्थ ‘समोर ठेवलं तर मी ओळखते’ एवढा आहे. ‘मला स्वतःहून मांडता येतं’ याचा पुरावा त्यात नाही, आणि ‘येत नाही’ याचाही नाही.

तो पुरावा तू घरी, एका आठवड्यात मिळवू शकतेस. २०१९ पर्यंतच्या वर्णनात्मक प्रश्नपत्रिका सीनिअर मुलींकडे किंवा कॉलेजच्या ग्रंथालयात मिळतील. एसवायच्या प्रत्येक पेपरातून पाच-पाच मार्कांचे चार प्रश्न निवड. पुस्तक आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेव, प्रत्येक प्रश्नाला दहा मिनिटं दे आणि लिही. मग लाल पेनने स्वतःच तपास. एसएन-१ आणि एसएन-२ या सेंद्रिय रसायनातल्या दोन अभिक्रियांमधला फरक पर्यायांत लगेच सापडतो, पण मेकॅनिझम (इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते बाणांनी दाखवणं) काढायला घेतलं की पहिला बाण न्यूक्लिओफाइलकडून (इलेक्ट्रॉन देणाऱ्या कणाकडून) निघतो की कार्बनकडून, इथेच पेन अडतं. जिथे पेन अडतं तो धडा कच्चा. ज्या धड्यात निम्मेही मार्क पडले नाहीत, त्याचं नाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेव. माझा अंदाज आहे की ही यादी तुला वाटते त्यापेक्षा बरीच लहान निघेल. ती लांब निघाली तरी ‘मला काहीच येत नाही’ या भीतीपेक्षा अकरा धड्यांची यादी केव्हाही परवडते, कारण आठवड्याला एक धरला तरी ती दिवाळीपर्यंत संपते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तीत आहे. आपण किती शिकलो याची स्वतःची जाणीव हे फार बेभरवशाचं माप आहे. २०१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाने सफाईदार व्याख्यान ऐकलं, दुसऱ्याने गटागटाने गणितं सोडवली. चाचणीत दुसऱ्या गटाला जास्त आलं. पण ‘आम्ही जास्त शिकलो’ असं वाटलं ते व्याख्यान ऐकणाऱ्यांना. धडपडत शिकताना ‘डोक्यात शिरत नाही’ असं वाटतं, गुळगुळीत समजावून सांगितलेलं ऐकलं की ‘कळलं’ असं वाटतं. हा अभ्यास समोरासमोरच्या वर्गातला आहे, पण फोनवरच्या वर्गालाही तो धडा लागू पडतो. तुझी मैत्रीण दीड पट वेगाने व्हिडिओ बघून ‘सगळं कळलं’ म्हणते, तू तोच व्हिडिओ थांबवत थांबवत बघून रडकुंडीला येतेस. यावरून कोणाला जास्त येतं हे कोणीच सांगू शकत नाही. दोघींनी कोरा कागद घेतला की कळेल.

तसंच, पुस्तक चार वेळा वाचण्यापेक्षा एकदा वाचून तीनदा आठवून लिहिलेलं जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे कॉलेजच्या मुलांवर प्रयोग करून दाखवलं: पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे. म्हणजे लेक्चर हुकलं म्हणून सगळं बुडालं असं होत नाही. आठवून लिहिणं हुकलं तर मात्र पुष्कळ बुडतं, आणि त्याला नेट लागत नाही.

ज्यांना ऑनलाइन आवडतं त्यांच्याविषयी तू थोडं कडक लिहिलं आहेस. काही जण आळसापोटी खूश असतीलही. पण तुझ्याच वर्गात रोज दीड तास एसटीने येणारी मुलं असतील, दुपारी दुकानात काम करणारी असतील, ज्यांना चालण्याचा त्रास आहे आणि कॉलेजचा दुसरा मजला म्हणजे शिक्षा वाटते अशी असतील, वर्गात तोंड न उघडणारी पण चॅटवर प्रश्न विचारणारी असतील. त्यांना या दीड वर्षात पहिल्यांदा काहीतरी सोपं झालं. एकच व्यवस्था दोघांना वेगळी लागते यात कोणी खोटं बोलत नाही.

आणि हेही लक्षात घे की तुला मिळालं ते दूरशिक्षणाचं खरं रूप नाही. आपल्याकडे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये, ‘इग्नू’ १९८५ मध्ये स्थापन झालं, आणि ती दोन्ही घरून शिकणाऱ्यांना पदव्या देत आली आहेत. तिथे पुस्तकंच अशी लिहितात की शिक्षक शेजारी नसतानाही वाचता यावीत: छोटे घटक, मध्ये मध्ये प्रश्न, मागे उत्तरं. जोडीला अभ्यासकेंद्रं असतात. तुझ्या कॉलेजातल्या सरांना मार्च २०२० मध्ये काही दिवसांत फळ्यावरून फोनवर यावं लागलं. साठ मिनिटांचं लेक्चर तसंच्या तसं कॅमेऱ्यासमोर दिलं गेलं, समोर साठ काळे चौकोन. तेही चाचपडतच होते. त्यामुळे ‘मला ऑनलाइन जमत नाही’ यापेक्षा ‘मला हे तातडीचं ऑनलाइन जमलं नाही’ हे जास्त खरं आहे.

आता फोन आणि नेट. इथे थोडा हिशेब करू, कारण पुष्कळ मुलांचं ऑनलाइनविषयीचं मत खरं तर डेटा पॅकविषयीचं मत असतं. गावाकडे साधारण दीड जीबी रोजचा पॅक असतो. व्हिडिओ चालू असलेलं तासाभराचं लेक्चर अर्धा जीबी किंवा जास्तही खातं. म्हणजे तिसऱ्या लेक्चरलाच पॅक संपतो आणि वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगात आवाजसुद्धा तुटक येतो. पुढचं लेक्चर ‘कळलं नाही’ ते बहुतेक याच कारणाने. त्यात भावाची शाळाही त्याच पॅकवर.

स्वतःचा कॅमेरा बंद केला म्हणजे डेटा वाचला असं बहुतेकांना वाटतं. त्याने पाठवला जाणारा डेटा वाचतो, येणारा व्हिडिओ चालूच राहतो आणि खरा खर्च तिथेच असतो. झूम मोबाइलवर असेल तर स्क्रीन बाजूला सरकवून ‘सेफ ड्रायव्हिंग मोड’मध्ये गेलं की फक्त आवाज येतो. नुसत्या आवाजाचं लेक्चर तासाला साधारण तीस ते पन्नास एमबीत बसतं. सरांनी पीपीटी किंवा नोट्सचा पीडीएफ आदल्या रात्री ग्रुपवर टाकला, तर तो समोर उघडून आवाज ऐकणं हे अडकत चाललेल्या व्हिडिओपेक्षा कितीतरी बरं. यूट्यूबवरचं लेक्चर १४४पी वर तासाला शंभर एमबीच्या आत भागतं. ७२०पी ला त्याच्या दहापटसुद्धा लागू शकतं. फळ्यावरची अक्षरं वाचायची असतील तर ३६०पी पुरतं. फोनमधला ‘ऑटो अपडेट’ आणि व्हॉट्सअ‍ॅपचं ‘ऑटो डाउनलोड’ बंद कर, त्यात रोजचे दोनेकशे एमबी सहज जातात.

फोन एकच असल्यावर दोघांची सगळी लाइव्ह लेक्चरं होणारच नाहीत. हे आधी मान्य केलं की भांडण संपतं. दोघांचं वेळापत्रक एका कागदावर मांडा. जिथे टक्कर होते तिथे दहावीतल्या भावाचं गणित-विज्ञान आणि तुझे रसायनाचे मुख्य पेपर यांना पहिला हक्क, बाकीचं रेकॉर्डिंगवर. आणि हे सरांना लेखी कळव, नाहीतर ती गैरहजेरी ठरते. मेसेज असा पुरे: ‘आदरणीय सर, घरात फोन एकच असून भाऊ दहावीला आहे. सोमवार आणि गुरुवारी दहा ते अकरा मला लाइव्ह बसता येत नाही. रेकॉर्डिंग किंवा नोट्स मिळाल्या तर त्याच दिवशी रात्री बघून मी पाच ओळींचा सारांश पाठवीन. कृपया हजेरीसाठी तो ग्राह्य धरावा.’ पाच ओळी देऊ केल्यामुळे सरांना नाही म्हणणं कठीण जातं, आणि तुझाही आठवून लिहिण्याचा सराव होतो.

प्रॅक्टिकलचं दुखणं मात्र खरंच मोठं आहे, आणि त्यावर मी तुला गोड बोलून समजावणार नाही. व्हिडिओत टायट्रेशन (एका द्रावणात दुसरं थेंब थेंब सोडून, रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजणं) बघून टायट्रेशन येत नाही. व्हिडिओत रंग बदलतो तेव्हा तो बदललेला दिसतो. हाताला कळायला हवं ते त्याच्या आधीचे पाच-सहा थेंब, जेव्हा गुलाबी झाक येते, हलवलं की जाते, आणि आपण नळी किती आवळायची हे ठरवतो. सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’वर प्रयोग करून बघता येतात. तिथे क्रम पाठ होतो, तेवढ्यासाठी ते वापर. हात तयार व्हायला हातच लागतो.

लॅब उघडेपर्यंत एक प्रयोग घरी करता येतो. चहाचा चमचाभर खायचा चुना लिटरभर पाण्यात नीट ढवळ, रात्रभर झाकून ठेव, सकाळी वरची निवळी बाटलीत काठोकाठ ओतून बूच लाव. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर १० मिली घे आणि पाणी घालून १०० मिली कर. मेडिकलमधून बिनसुईच्या १० मिलीच्या दोन सिरिंज आण. काचेच्या पेल्यात १० मिली निवळी, त्यात चिमूटभर हळद कालवलेल्या पाण्याचे चार थेंब. रंग लालसर होईल. खाली पांढरा कागद ठेव. दुसऱ्या सिरिंजने व्हिनेगर थेंब थेंब सोड, पेला फिरवत राहा, लाल जाऊन कायमचा पिवळा आला की वाचन घे, म्हणजे किती मिली लागलं ते लिही. व्हिनेगर चार टक्क्यांचं असेल तर साधारण सहा-सात मिलीच्या आसपास यायला हवं. तीन वाचनं ०.२ मिलीच्या आत जुळेपर्यंत कर.

जुळणार नाहीत, आणि त्यातच खरा अभ्यास आहे. वाचन दर वेळी कमी कमी येत असेल तर बाटली उघडी राहिली आहे: हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याला खातो आणि निवळी दुधाळ होते. एकदम जास्त आलं तर तळाचा न विरघळलेला चुना सिरिंजमध्ये आला आहे. कधी कमी, कधी जास्त येत असेल तर सिरिंजच्या टोकाशी हवेचा बुडबुडा आहे किंवा पातळी डोळ्यासमोर न धरता वरून वाचली आहेस. कॉलेजच्या ब्युरेटमध्येही नेमक्या याच चुका होतात. हे करताना चष्मा किंवा गॉगल लाव, चुना डोळ्यात गेला तर इजा होते. घरात लहान मूल असेल तर त्याला लांब ठेव, पेले पुन्हा पिण्यासाठी वापरू नकोस. याव्यतिरिक्त कुठलंही आम्ल, बाथरूम क्लीनर वगैरे घरात प्रयोगाला घेऊ नकोस.

लॅब उघडल्यावर पहिल्याच दिवशी जे करायचं ते आत्ता लिहून ठेव: ब्युरेट ज्या द्रावणाने भरायची त्यानेच धुवायची, पण शंकूपात्र फक्त डिस्टिल्ड पाण्याने. पिपेटचा (ठरावीक माप उचलायच्या काचनळीचा) शेवटचा थेंब फुंकून काढायचा नाही. हे वाचायला क्षुल्लक वाटतं, पण एम.एस्सी.च्या लॅबमध्ये वाचन चुकतं ते बहुतेक इथेच.

घराविषयी. ‘कॉलेज बंद आहे’ हे वडिलांचं म्हणणं त्यांच्या बाजूने बरोबर आहे: फाटक बंद दिसतंय आणि मुलगी फोन घेऊन बसली आहे. ‘मी ऑनलाइन आहे’ या उत्तराने त्यांच्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. वेळापत्रक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लाव आणि वेळेचा सौदा कर: सकाळी साडेसहा ते नऊ गोठ्याचं, स्वयंपाकाचं जे असेल ते काम माझं. अकरा ते एक मी वर्गात, तेव्हा हाक मारायची नाही. आईला आधी विश्वासात घे. रोजची कामं घरातल्या मुलीच्याच वाट्याला येतात, भावाच्या नाही, हेही शांतपणे मांड. तो दहावीचा अभ्यास करतो तेव्हा त्याला कोणी उठवत नाही, तेवढीच दोन तासांची सूट तू मागते आहेस.

तासन् तास स्क्रीनकडे बघून डोकं जड होतं ही तुझी तक्रारही खरी आहे. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याची कारणं मांडली: माणसांचे चेहरे फार जवळून, सतत स्वतःचा चेहरा समोर, एकाच जागी बसून राहणं, आणि हावभाव समजून घ्यायला लागणारे जादा श्रम. स्वतःचा चौकोन लपव, आवाजावरच्या लेक्चरला उठून चालत ऐक. एवढ्याने बराच फरक पडतो.

मग ड्रॉप. माझं मत स्पष्ट सांगते: तुझ्या पत्रात जी कारणं आहेत त्यांवर ड्रॉप घेऊ नकोस. पहिलं म्हणजे, पुढच्या वर्षी लॅब पूर्णपणे चालेलच याची हमी आज कोणी देऊ शकत नाही. दुसरं, तुझी कमतरता एसवायच्या प्रयोगांची आहे आणि ड्रॉप टीवायला पडणार. एसवायची लॅब त्याने परत मिळत नाही. तिसरं, अभ्यासक्रमाचा पॅटर्न मध्ये बदलला तर जुन्या-नव्याचा गोंधळ निस्तरावा लागतो, आणि शिष्यवृत्ती घेत असशील तर शिक्षणातल्या खंडाविषयीची अट आधी वाचायला हवी. चौथं कारण लिहिताना मला वाईट वाटतं, पण लपवणार नाही. गावात वर्षभर घरी बसलेल्या मुलीला स्थळं येऊ लागतात, आणि मग ते एक वर्ष एकच राहत नाही. ‘ड्रॉप’ हा शब्द घरात उच्चारण्यापूर्वी याचा विचार कर.

हे सगळ्यांना लागू नाही. दुसऱ्या लाटेत ज्यांच्या घरातलं कमावणारं माणूस गेलं, ज्यांची स्वतःची तब्येत अजून सावरलेली नाही, ज्यांच्याकडे फोनच नाही आणि मिळण्याची शक्यताही नाही, त्यांनी एक वर्ष थांबण्यात काही चूक नाही. ज्यांना आठवडेच्या आठवडे झोप लागत नाही, जेवण जात नाही, जगण्यातच अर्थ वाटत नाही, त्यांनी अभ्यासाचा प्रश्न बाजूला ठेवून आधी घरात कोणालातरी सांगावं आणि डॉक्टरांकडे जावं. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत हेल्पलाइन आता १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते.

तू मात्र टीवायला बस, आणि या महिन्यात एक अर्ज कर. एकटीने नको, वर्गातल्या दहा-बारा जणांच्या सह्या घे, ऑनलाइन आवडणाऱ्यांच्याही. तेही उद्या लॅबच्या नोकरीला जाणार आहेत. अर्ज विभागप्रमुखांच्या नावे, मजकूर एवढाच: ‘एसवायचे सोबतच्या यादीतले प्रयोग आम्ही फक्त व्हिडिओवर पाहिले आहेत. कॉलेज सुरू झाल्यावर, टीवायच्या प्रॅक्टिकलव्यतिरिक्त, दर शनिवारी तीन तास, दहा जणांच्या बॅचने हे प्रयोग हाताने करू द्यावेत. रसायनं आणि काचसामानाची स्वच्छता आम्ही करू.’ यादीत सगळं कोंबू नकोस, आठच प्रयोग लिही: आम्ल-अल्कली आणि परमँगनेट टायट्रेशन, द्रावणं तयार करणं आणि प्रमाणित करणं, सेंद्रिय पदार्थाची ओळख, वितळणबिंदू, रीक्रिस्टलायझेशन, पीएच-मेट्री, कंडक्टोमेट्री. प्रत्येकासमोर तीन रकाने ठेव: व्हिडिओ पाहिला, कृती न बघता लिहिता येते, हाताने केला. पहिले दोन रकाने लॅब उघडण्याआधीच भरता येतात. अर्जाच्या दोन प्रती काढ, एकीवर ऑफिसचा शिक्का आणि तारीख घेऊन ती स्वतःजवळ ठेव. उत्तर पंधरा दिवसांत आलं नाही तर तीच प्रत घेऊन प्राचार्यांकडे जा.